पांढरी सोडून आखलेल्या गावात

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रभर माहीत झाली. गाळाने आणि कचऱ्याने बुजलेली ही विहीर गावकऱ्यांनीच उपसली, पायऱ्या मोकळ्या केल्या. पाणी कितीही खाली गेलं तरी घागर घेऊन माणूस तिथवर पोचला पाहिजे, हा हिशेब बांधणाऱ्याने दगडात बसवला होता. आखणी ही गोष्ट मराठवाड्यातल्या गावाला परकी नाही, हे सांगायला एवढी बारव पुरे. फक्त ही आखणी पाण्यापुरती, देवळापुरती, वेशीपुरती होती. घरं कुणी आखून दिली नाहीत. ती पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जागेवर, एकमेकांना खेटून, भावकीच्या आधाराने, पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेली. थोरल्याच्या वाड्याला धाकट्याची भिंत, त्या भिंतीला चुलत्याचा गोठा. मधून जाणारी बोळ बैलगाडी निघेल एवढी, आणि काही ठिकाणी तेवढीही नाही.

त्या घराची रचना ध्यानात घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. बाहेरून दोन-अडीच हात जाडीची दगडमातीची भिंत. आत सागवानी किंवा बाभळीचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर लादनी आणि लादनीवर मातीचा जाड थर, म्हणजे माळवद. घर खणांनी मोजायचं: पाच खणांचं, नऊ खणांचं. दाराशी ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, एका अंगाला जनावरं. उन्हाळ्यात चाळीस-बेचाळीस अंशांतही आत गारवा. पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर नवी माती टाकायची, गळती थांबवायची. दरवर्षी थर वाढायचा आणि डोक्यावरचा भारही. सुतार चांगला असेल तर खांब-तुळयांचा सांगाडा भक्कम उभा असायचा. गवंड्याच्या भिंतीत मात्र दोन्ही तोंडांना दगड आणि पोटात माती व कपच्यांची भरती. दोन तोंडांना बांधणारा आरपार दगड बहुधा नसायचाच.

अशा गावांना चौकोनात बसवण्याची वेळ का आली, याचं उत्तर आपल्याकडे जवळजवळ नेहमी एकच मिळतं: संकट आलं म्हणून. मुंबईत 1896 ला प्लेग आला, त्यामागून 1898 ला सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्याच्याच कामातून निघाल्या. परभणी जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, तिथेही हेच घडलं. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसं नेली, आणि 1912 ला शहर सुधार मंडळ नेमलं गेलं. दाट मोहल्ले पाडून रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा तिथे उभ्या राहिल्या. माणसं आधी उघड्यावर येतात आणि नकाशा मागाहून येतो. तो घाईत काढलेला असतो आणि ज्यांच्यासाठी काढला त्यांना बहुधा दाखवलेलाही नसतो. मराठवाड्याची गोष्ट याच वाटेने गेली.

गोदावरीच्या खोऱ्यात पहिलं संकट माणसानेच आणलं, पाण्याच्या रूपाने. 1965 ला पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, 1976 ला धरण लोकार्पण झालं. धरणाच्या नाथसागर जलाशयात शंभराहून अधिक गावं पूर्ण किंवा अंशतः गेली. राज्याचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदाही 1976 चाच, म्हणजे गावं हलून गेल्यावरचा. पुढे सेलू तालुक्यातल्या निम्न दुधना धरणानेही गावं हलवली. या पुनर्वसित वस्त्या ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. काटकोनात फुटणारे रस्ते, सारख्या मापाचे भूखंड, मधोमध शाळेची जागा, कडेला समाजमंदिर. झाडं तेवढी नसतात. ती यायला एक पिढी जावी लागते.

दुसरी लाट नोकरदारांची. 17 मार्च 1970 ला सिडकोची स्थापना झाली ती मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे नवं शहर वसवण्यासाठी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये मांडलेली ती कल्पना होती. तिथली जमीन आगरी-कोळी शेतकऱ्यांची. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तान परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसं मेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरात पडला. हीच सिडको औरंगाबादेत आली आणि तिने शहराच्या पूर्वेला व उत्तरेला एन-1, एन-2 असे विभाग पाडत नेले. नांदेडलाही सिडकोची वसाहत झाली. परभणी, सेलू, जिंतूरकडच्या किती घरांचं शहरातलं पहिलं छप्पर या ‘एन’ आकड्यांत आहे! शिक्षक, लिपिक, कंपनीतले कामगार. दोन खोल्यांचं रो-हाऊस, पुढे ओंजळभर अंगण. दहा वर्षांत अंगणावर स्लॅब, वीस वर्षांत वर मजला. माझ्या मते हे या वसाहतींचं भाग्यच. घर छोटं दिलं, पण त्याला वाढायला वाव उरला. 2006 ला औरंगाबादची वसाहत महापालिकेकडे सुपूर्द झाली, तोवर लोकांनी तिचा चेहरा पार बदलून टाकला होता.

तिसरी लाट शेतकऱ्यांवर आली, आणि ती सगळ्यात मोठी.

वालूरपासून सरळ दक्षिणेला, दीडशे किलोमीटरच्या आसपास, औसा तालुक्यात किल्लारी आहे. 1992 च्या शेवटी तिथे जमिनीतून आवाज येऊ लागले, धक्के बसू लागले. माणसं अंगणात झोपू लागली, गाव हलवा अशी मागणी झाली. मग धक्के थांबले आणि मागणीही मागे पडली. दख्खनचं पठार म्हणजे अचल खडक, हा तेव्हाचा शास्त्रीय समज होता, आणि देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात रंगवलेला होता. तो रंग 2002 मध्ये बदलला.

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं उशिरा झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6.2, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावं मात्र जमीनदोस्त झाली. किल्लारी आणि सास्तूर ही नावं त्या दिवशी देशभर पोचली. सुमारे आठ हजार माणसं गेली, काही गणनांत हा आकडा याहून मोठा आहे. मारणारी होती ती भिंत. दोन्ही तोंडं सुटली, पोटातली भरती ढासळली आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. कित्येक वाड्यांत भिंती कोसळल्यावरही सुताराने उभारलेला खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा होता. हा पुरावा ढिगाऱ्यातच होता, आणि पुढच्या काळात तो बहुतेकांच्या नजरेआड झाला.

त्यानंतरच्या महिन्यांत जे झालं त्याचं मोल कमी लेखता येणार नाही. शरद पवार मुख्यमंत्री होते, प्रवीण परदेशी लातूरचे जिल्हाधिकारी. मदत ताबडतोब पोचली. शांतिलाल मुथ्थांच्या भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन राज्याने 1994 ते 1998 या काळात तेरा जिल्ह्यांत पसरलेला पुनर्वसनाचा कार्यक्रम राबवला. एवढ्या आकाराचं घरबांधणीचं काम ग्रामीण महाराष्ट्राने त्याआधी पाहिलं नव्हतं. सगळ्यात उद्ध्वस्त 52 गावं जुनी जागा सोडून नव्या जागी बसवायची, असं ठरलं. हे केवळ वरून लादलं गेलं, असं म्हणणंही खरं नाही. ज्या जागी आईबाप, लेकरं गाडली गेली, तिथे पुन्हा चूल मांडायला माणसं तयार नव्हती. पांढरी नको झाली होती.

मग नकाशे आले. घराचं माप जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, सातच्या वर असेल त्याला 750. गावाचा आराखडाही बऱ्याच ठिकाणी याच तीन मापांवर बेतला गेला. एका मापाची घरं एका रांगेत बांधणं कंत्राटदाराला सोयीचं. देशभरातल्या संस्था, वर्तमानपत्रं, उद्योगसमूह यांनी एकेक गाव दत्तक घेतलं. मलयाळ मनोरमा या केरळच्या दैनिकाने वाचकांच्या देणग्यांतून बाणेगाव बांधून दिलं आणि त्या कामाशी वास्तुविशारद लॉरी बेकर यांचं नाव जोडलेलं आहे. बाकी बहुतेक ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे आणि स्लॅब. काही ठिकाणी घुमटाच्या आकाराची घरंही उभी राहिली, ज्यांत कोपराच नाही. कणग्या आणि पेट्या भिंतीला लावून ठेवणाऱ्या घराने अशा गोल खोलीत संसार कसा मांडावा?

नवी गावं पाहताना पहिल्यांदा जाणवतो तो मोकळेपणा. जुन्या गावाच्या कितीतरी पट जागा. रुंद, सरळ रस्ते, प्रत्येक भूखंडाच्या मध्यभागी सुटं घर, चारी बाजूंनी मोकळी जागा. जाड भिंतींखाली माणसं मेलेली पाहिलेल्या अभियंत्याला हा मोकळेपणा सुरक्षिततेचा वाटला, आणि त्या दृष्टीने तो होताही. बोळीत अडकून कुणी मरणार नाही, रुग्णवाहिका दारापर्यंत येईल. पण गाव सुरक्षित असणं आणि गाव राहतं असणं यांत अंतर आहे. चौक गेला, त्याबरोबर घरातल्या बाईचं उघड्यावरचं पण आडोशाचं काम गेलं. धान्य निवडणं, शेवया वळणं, म्हातारीने उन्हात बसणं आता रस्त्याच्या नजरेत आलं. जनावरांना आराखड्यात जागाच नव्हती. कडबा कुठे रचायचा, उकिरडा कुठे घालायचा, औतफाटा कुठे ठेवायचा, हे प्रश्न 250 चौरस फुटांच्या नकाशावर पडलेच नव्हते. नळ, नाल्या, दिवे, डांबर यांची लांबी वाढली आणि ती सांभाळायची ग्रामपंचायतीने, जिचं उत्पन्न होतं तेवढंच राहिलं. संडास बांधून दिले, पाणी नव्हतं. मग त्यांत गोवऱ्या आणि जळण आलं.

आणि शेजार तुटला. जमिनीच्या हिशेबाने घरं वाटल्यामुळे वाटण्या झालेले भाऊ वेगवेगळ्या रांगांत गेले. अडीअडचणीला हाक मारायची ती भिंतच उरली नाही. या पद्धतीत एक न्यायाची शक्यताही होती, तीही सांगितली पाहिजे. जुन्या गावात दलितांची घरं वेशीबाहेर, विहीर वेगळी. नव्या गावात सगळ्यांना तोच रस्ता, तीच स्लॅब, कागदावर तोच हक्क. कित्येक कुटुंबांना पहिल्यांदाच पक्कं घर मिळालं आणि ते त्यांच्या दृष्टीने फार मोठं होतं. पण भूमिहीन बहुतांशी कोण, याचं उत्तर मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यात लहान घरांच्या रांगा एका अंगाला गेल्या, तिथे जुनी वेस नव्या मापात परत आली. काही गावांनी तर आग्रह धरून जुन्या आळ्यांप्रमाणेच जागा मागून घेतल्या. भावकीची ओढ आणि जातीचं अंतर या दोन गोष्टी गावात इतक्या गुंतलेल्या असतात की एक सोडवायला गेलं की दुसरी हातात येते. नकाशा काढणाऱ्याने हा गुंता ओळखायला हवा होता. तो तीन आकड्यांत सुटण्यासारखा नव्हता.

पुढची तीस वर्षं लोकांनी तो नकाशा हळूहळू मोडून स्वतःचा केला. भूखंडाच्या कडेने भिंत आली आणि मोकळ्या जागेचं पुन्हा अंगण झालं. घराच्या पुढे पत्र्याची ओसरी, मागे पत्र्याचा गोठा. रुंद रस्त्यावरच्या घरांनी दर्शनी खोलीचं दुकान केलं. लग्न झालेल्या मुलासाठी दोन खोल्या वाढल्या. लिंब, शेवगा, जास्वंद लागली. आज यातली कित्येक गावं हिरवी दिसतात. या वाढीव बांधकामाबद्दल मला चिंता वाटते ती वेगळ्या कारणाने. भूकंपानंतर दगडाची इतकी धास्ती बसली की दगड म्हणजे मरण आणि सिमेंट म्हणजे जीव, असं समीकरण होऊन बसलं. आरपार दगड, कोपऱ्याची बांधणी, कमी भाराचं माळवद असं करून दगडाचं घरही टिकवता आलं असतं. सुताराचा सांगाडा तर तगलाच होता. पण गवंडी आणि सुतार दोघांचंही काम सुटलं. नव्या खोल्या ज्यांनी बांधल्या त्यांतल्या अनेकांना ना जुनी रीत ठाऊक होती, ना नव्या पट्ट्या-गजांचं शास्त्र. घराचा मूळ गाभा भूकंप सोसेल, त्याला चिकटलेल्या खोल्यांचं तसं सांगता येत नाही. शिवाय घर आपलं असूनही कबाल्यांचा, म्हणजे मालकीच्या कागदांचा, प्रश्न अनेक गावांत वर्षानुवर्षं रेंगाळला.

या साऱ्या चर्चेत 52 गावांचंच नाव निघतं, कारण तीच छायाचित्रांत दिसतात. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र दिसायला काहीच नव्हता. ज्या गावांत घरं पडली नव्हती पण तडकली होती, तिथे गाव हलवायचं नाही, घरच बळकट करायचं, असं ठरलं. अशी घरं दोन लाखांच्या आसपास होती. कंत्राटदार नाही. घरमालकाच्या नावावर 17 हजार रुपये, तेही हप्त्याहप्त्याने, काम पुढे जाईल तसे. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत जोड दगड घाला, वर पट्टी बांधा, खांब आणि तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या. शक्य नसेल तिथे एक भक्कम खोली नव्याने घाला. अभियंता सल्ल्याला, घर मात्र मालकाचं आणि गवंडीही त्याच्याच ओळखीचा.

सुरुवातीला हे काम अडलं. लोकांना पत्र्याच्या शेडमधून बाहेर यायचं होतं, पण दगडाच्या भिंतीवर पुन्हा विसंबायचं नव्हतं. शेजारच्या तालुक्यात फुकट नवं घर मिळतं आणि आम्हाला 17 हजारांत डागडुजी का, हा सवालही रास्त होता. इथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला सरकारने लोकसहभागाचं काम दिलं. हजारावर गावांत महिला मंडळांतून बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. ज्या आयुष्यभर भिंती सारवत आल्या पण कधी त्यांच्याबद्दल बोलल्या नाहीत, त्या आता सिमेंटच्या गोण्या मोजू लागल्या, वाळूत माती किती हे चिमटीने पाहू लागल्या, हप्ता अडला तर तालुक्याला जाऊन विचारू लागल्या. ग्रामसभेत घरांच्या याद्या वाचून घेण्याची सवय त्यांनीच लावली. पदर सावरत ओसरीवर उभं राहून अभियंत्याला ‘इथं पट्टी का नाही?’ असं विचारणारी बाई ही मराठवाड्याच्या गावातली नवी गोष्ट होती. माझ्या दृष्टीने या कार्यक्रमाने उभारलेलं सगळ्यात टिकाऊ बांधकाम ते.

26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं. तीव्रता किल्लारीहून पुष्कळ मोठी, भूज, अंजार, भचाऊ अशी शहरंच्या शहरं पडलेली. तिथेही सुरुवातीला गावं उचलून नव्या जागी नेण्याची भाषा झाली आणि दत्तक घ्यायला संस्थाही पुढे आल्या. तरी बहुतेक गावं जागची हलली नाहीत. घरमालकाच्या हाती हप्त्याने पैसे, साहित्य आणि तांत्रिक सल्ला, असं धोरण गुजरातने मुख्यतः धरलं, आणि ते धरताना मराठवाड्यातल्या पुनर्वसित गावांचा अनुभव समोर होता. लातूर-उस्मानाबादच्या संवाद सहायक बायका त्या काळात कच्छला गेल्या. भाषा वेगळी, पेहराव वेगळा. पत्र्याच्या आडोशाला बसलेल्या तिथल्या बायकांना त्यांनी सांगितलं, की बांधून मिळालेल्या घरापेक्षा स्वतः बांधलेलं घर मागा, पहिला हप्ता मिळाला की पाया कुणी पाहिला ते विचारा, आणि नकाशा आला की त्यात आधी गोठा कुठे आहे ते शोधा.